वल्हे परत देताना

साताऱ्यातील आमच्या घरी सकाळी सात ते सव्वासात हा वेळ अण्णांच्या शर्टाचा असतो. ते खुर्चीत बसतात, दुबळा झालेला डावा हात उजव्या हाताने उचलून आधी बाहीत घालतात, मग पाठीमागून शर्ट ओढून घेतात आणि त्यानंतर एका हाताने बटणांशी त्यांची झटापट सुरू होते. एखादे बटण भलत्याच काजात जाते. ते सोडवून पुन्हा लावतात. मी समोर वर्तमानपत्र उघडून बसलेला असतो, पण माझे लक्ष अक्षरांकडे नसते. हात पुढे करायचा नाही, हे मी स्वतःला रोज नव्याने बजावत असतो. हेच काम मी केले तर अर्ध्या मिनिटात होते. जवळजवळ वर्षभर मीच ते करत होतो, आणि त्या वर्षात माझ्या वडिलांचे किती नुकसान होत आहे याची मला कल्पनाही नव्हती.

ती चूक मी आयुष्यात दुसऱ्यांदा करत होतो. पहिल्यांदा ती माझ्या हातून घडली एका उन्हाळ्यात, नदीवर. आणि त्या वेळी ती पदरात घालणाऱ्या माणसाचे शब्द मी पुढे सोयीस्कर विसरलो होतो. घरात वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि जे स्वतः शुश्रूषा करून घेत आहेत अशांनाही त्या उन्हाळ्याची हकिगत कदाचित उपयोगी पडेल.

माझे बालपण सांगलीत, कृष्णेच्या घाटाजवळ गेले. आमच्या पिढीतील बहुतेक मुले पोहणे नदीतच शिकली. पाठीला सुकवलेला भोपळा बांधून अण्णांनी मला पाण्यात सोडले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यांनी माझा हात कधी धरला नाही. हनुवटीखाली दोन बोटे ठेवून ते शेजारून चालत आणि "पाय मार, पाय मार" एवढेच म्हणत. काही दिवसांनी बोटे नाहीशी झाली, पुढे भोपळाही गेला. नेमका कोणत्या दिवशी, हे मला आजही आठवत नाही. पावसाळ्यात हीच नदी आयर्विन पुलाच्या खांबांवर चढत जाई आणि पुलावर उभी राहून मोठी माणसे पाण्याची फूटपट्टी वाचत. गूळ करण्याच्या काहिलीत बसून पुराचे पाणी ओलांडणारे शेतकरी आणि होड्यांच्या शर्यतींत एका तालावर पडणारी वल्ही मी लहानपणीच पाहिली होती. त्यामुळे पाण्याची भीती मला नव्हती; होता तो थोडा गर्व.

याच गर्वापोटी, पदवीचे शिक्षण संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, मी रायगड जिल्ह्यातील कोलाडला राफ्टिंगच्या गाइडचे काम करायला गेलो. घरी हे फारसे कोणाला पसंत नव्हते. अण्णांनी मात्र एवढेच विचारले, "पाणी कुठलं?"

प्रश्न योग्य होता, कारण वैशाख महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी फेसाळत वाहणारी नदी असते कुठे? आमची कृष्णा त्या दिवसांत वाळूच्या पात्राला चिकटून वाहते. कुंडलिकेचे गणित वेगळे आहे. मुळा नदीवरील मुळशी धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून आणि पुढे मोठ्या नळांमधून खाली भिरा येथील वीजकेंद्रात आणले जाते. हे केंद्र 1927 पासून चालू आहे. जनित्रे फिरवून झाली की ते पाणी कुंडलिकेत सोडले जाते आणि नदी भर उन्हाळ्यात तास दोन तासांत भरून येते. पाणी ओसरले की तेच खडक पुन्हा उघडे पडतात. म्हणून राफ्टिंग सकाळी, पाण्याच्या वेळेला धरून करावे लागते.

हे कळल्यावर अण्णांनी नकाशा काढला आणि मला दाखवले की मुळेचे पाणी खरे तर भीमेला मिळायचे आणि भीमा पुढे कृष्णेला. म्हणजे पूर्वेला वळायचे पाणी माणसाने पश्चिमेला वळवले होते, जसे आपल्या सातारा जिल्ह्यातील कोयनेचे पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत सोडले जाते. "म्हणजे आपल्याच घरचं पाणी आहे. जा," ते म्हणाले. त्यांची परवानगी अशी भूगोलातून आली.

साजे गावाजवळून आमच्या नावा सुटत आणि सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा पार करत. नदीच्या खळाळांची कठीणता एक ते सहा अशा श्रेणींत मोजतात. कुंडलिकेचे खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत. म्हणजे अनोळखी माणसाला थरार वाटावा इतके मोठे, पण नियम पाळले तर सांभाळता येतील असे. रबरी, हवा भरलेल्या राफ्टमध्ये दोन्ही काठांवर प्रत्येकी तीन-चार पाहुणे बसत आणि सर्वांत मागे गाइड.

पहिला आठवडा मला नदी वाचायला शिकवण्यात गेला. गुळगुळीत पाण्याची जीभ खालच्या दिशेला निमुळती होत गेली असेल, तर तो रस्ता. तेच टोक वरच्या दिशेला असेल, तर पाण्याखाली खडक आहे. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी उलटे वळून थबकते, त्याला गाइड लोक 'एडी' म्हणतात. दमलेल्या नावेने तिथे शिरायचे, श्वास घ्यायचा, मोजणी करायची आणि पुन्हा निघायचे. आमचे ज्येष्ठ गाइड नेपाळहून आले होते. त्यांनी अनेक हिमालयी नद्या उतरल्या होत्या आणि ते फार कमी बोलत. मी सांगलीचा पोहणारा आहे हे मी त्यांना दोनदा ऐकवले. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "तुला पोहता येतं हे बरं आहे. पण तुझं काम पोहणं नाही, बोलणं आहे."

त्याचा अर्थ मला रोज सकाळच्या सूचनांमधून कळू लागला. नाव पाण्यात घालण्यापूर्वी किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटे सर्वांना उभे करून सांगायचे. हृदयविकार, आकडी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब असेल तर आत्ताच सांगा, आज नदीत उतरू नका. लाइफ जॅकेटचे बंद प्रत्येकाचे स्वतः ओढून पाहायचे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी 'टी'च्या आकाराची मूठ असते. ती तळव्याने झाकलेलीच ठेवायची, नाही तर शेजाऱ्याचे दात जातात. आज्ञा मोजक्याच: पुढे मारा, मागे मारा, थांबा, खाली बसा. पाण्यात पडलात तर उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, कारण पाय खडकांत अडकतो आणि प्रवाह माणसाला वाकवतो. उताणे व्हायचे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे आणि हाक येईपर्यंत तरंगत राहायचे.

एक गोष्ट पाहुण्यांना नेहमी उलटी वाटे. त्यांना वाटे की नावेच्या मध्यभागी, दोरी घट्ट धरून बसलेला माणूस सर्वांत सुरक्षित. प्रत्यक्षात नावेच्या काठावर, पाय आतल्या फुगीर आडव्या नळीखाली रुतवून, वल्हे पाण्यात खोल घालून बसलेला माणूस अधिक स्थिर असतो. पाण्यात घातलेले वल्हे त्याला तिसऱ्या पायासारखा आधार देते. शिवाय वल्हे मारणारा लाटेकडे पाहत असतो, हाक ऐकत असतो, त्यामुळे धक्का येण्याआधीच त्याच्या शरीराला तो कळलेला असतो. नुसते धरून बसणाऱ्याला धक्का आल्यावरच कळतो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याकडचे एक कुटुंब आले. त्यांत सदुसष्ट वर्षांचे आजोबा होते. अंगाने सडपातळ, प्रकृतीने ठणठणीत, तरुणपणी विहिरीत पोहलेले. किनाऱ्यावर सूचना सुरू झाल्या तेव्हा उन्हात त्यांना उभे करायला नको म्हणून मी म्हणालो, "आजोबा, तुम्ही सावलीत बसा. तुम्हाला यातलं काही करायचं नाहीये." त्यांनी वल्ह्यासाठी हात पुढे केला होता, ते मी त्यांच्या नातवाला दिले. त्यांना मध्ये बसवले, हातात दोरी दिली आणि सांगितले, "फक्त धरून बसा. बाकी आम्ही बघतो." यात माझी सद्भावनाच होती. मी त्यांची काळजी घेत होतो.

तिसऱ्या खळाळात नाव तिरकी चढली. "पुढे मारा" या माझ्या हाकेबरोबर सहा जण वाकले, वल्ही पाण्यात गेली. आजोबांसाठी त्या हाकेत काहीच नव्हते. ते मागे वळून आपल्या मुलीकडे पाहत होते. लाट आली, ते मोकळ्या पोत्यासारखे उचलले गेले आणि काठावरून पाण्यात पडले. वर आल्यावर कुणीही करेल तेच त्यांनी केले: उभे राहण्याचा प्रयत्न. त्यांना पाय वर करायला कोणी सांगितलेच नव्हते. सुदैवाने पाय अडकला नाही. खाली थांबलेल्या नावेतील ज्येष्ठ गाइडने त्यांच्या जॅकेटचे दोन्ही खांदपट्टे धरून, स्वतः मागे झुकून, शरीराच्या वजनाने त्यांना आत घेतले. नडगी सोलवटली होती, चष्मा वाहून गेला होता. सगळा प्रकार एका मिनिटाहून अधिक चालला नसेल.

किनाऱ्यावर मी त्यांची क्षमा मागितली. ते रागावले नाहीत. टॉवेलने केस पुसत शांतपणे म्हणाले, "मला सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं."

संध्याकाळी नावा धुताना ज्येष्ठ गाइड माझ्याजवळ आले. "त्यांना लाटेने नाही पाडलं," ते म्हणाले, "तू वल्हं काढून घेतलंस तेव्हाच ते अर्धे पडले होते. नावेत सामान ठेवायचं नसतं. सामान सर्वांत आधी वाहून जातं." उरलेला हंगाम मी प्रत्येक पाहुण्याला वल्हे दिले. कुणी थकलेले असेल तर हलके मारायला सांगितले, पण दिले. जूनमध्ये पाऊस आला, मी सांगलीला परतलो, पुढे साताऱ्यात नोकरी लागली आणि नदी मागे पडली.

या काळात अण्णा मात्र नदीकाठीच राहिले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाण्याने 57 फुटांची रेषा ओलांडली; तेथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्याच दिवसांत, 8 ऑगस्टला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे नेणारी, क्षमतेहून अधिक भरलेली नाव उलटली आणि सारा जिल्हा हळहळला. अण्णांच्या गल्लीत बचावाची बोट आली तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी आधी शेजारच्या आजींना बसवले, त्यांच्या जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहिले, माणसे मोजली आणि जास्त होतात असे म्हणून स्वतः दुसऱ्या खेपेला थांबले. हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातून कप सुटला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती, डावा हात वर होईना, शब्द जड झाले होते. शेजारच्या मुलाने वेळ न घालवता रुग्णालय गाठले. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीनंतर योग्य ठरलेल्या रुग्णांना. म्हणून चेहरा, हात आणि बोलणे यांत असा अचानक बदल दिसला, तर 'थोडं पडून राहा, बरं वाटेल' असे कधीही म्हणू नये. अण्णांचा जीव वाचला, बोलणे पुष्कळसे सुधारले, डावी बाजू दुबळी राहिली. आई पूर्वीच गेलेली. मी त्यांना साताऱ्याला घेऊन आलो.

आणि मग मी काळजी घेऊ लागलो. शर्ट मी घालायचा, घास मी भरवायचा, दाढी मी करायची. उजवा हात उत्तम चालत असूनही पाण्याचा पेला मी त्यांच्या ओठांना लावायचो. स्नानगृहात जाताना त्यांना जवळजवळ उचलून न्यायचो. डॉक्टरांकडे गेल्यावर प्रश्न त्यांना विचारला जाई आणि उत्तर मी देत असे. माझी पत्नी एकदा म्हणाली, "त्यांना जरा करू द्या ना." मी म्हणालो, "पडले तर?" या प्रश्नापुढे घरात कुणाचे काही चालत नसे. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. अण्णा मात्र हळूहळू मिटत गेले. वर्तमानपत्र मागेनासे झाले, सांगलीच्या फोनवर हूं-हूं एवढेच म्हणू लागले, दिवसाही खाटेवर पडून राहू लागले. ही आजाराची वाटचाल आहे, असे मी समजत होतो.

एका रात्री धप्प असा आवाज आला. खाट आणि दार यांच्यामध्ये ते जमिनीवर पडले होते. घाबरून मी जे कधीच करू नये ते केले: त्यांचा दुबळा डावा हात धरून त्यांना वर ओढले. ते कळवळले. मग मी तसाच जमिनीवर त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारले, "अण्णा, मला हाक का नाही मारलीत?"

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाक मारली असती तर तू उचलून नेलं असतंस. मला चालायचं होतं."

त्या अंधारात मला कुंडलिकेचा किनारा, ओले केस पुसणारे ते आजोबा आणि धुतलेल्या नावा एकाच वेळी आठवल्या. इतक्या वर्षांनी मी पुन्हा एका माणसाला नावेच्या मध्ये बसवून हातात दोरी दिली होती. आणि या वेळी तो माणूस होता मला हनुवटीखाली दोन बोटे ठेवून पोहायला शिकवणारा.

हाड मोडले नव्हते. अण्णांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याने त्यांना दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तपासून घेतले. अशा रुग्णाच्या डोक्याला मार लागल्याची शंका असेल, तर वरून सारे ठीक दिसले तरी हे करायलाच हवे. नंतर फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. त्यांनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी मला ओळखीच्या वाटल्या. दुबळ्या हाताला धरून कधी ओढू नका, खांद्याचा सांधा निसटतो. कमरेला रुंद पट्टा बांधा आणि आधार तिथे द्या. माणूस पडला तर लगेच उचलू नका. आधी कुठे दुखते ते विचारा, त्याला श्वास घेऊ द्या. मार लागलेला नसेल तर समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने त्याला स्वतः उठू द्या. दुखत असेल, पाय वाकडा दिसत असेल, तर हलवू नका, मदत बोलवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, न वापरलेला अवयव मेंदू हळूहळू विसरत जातो. खाटेवर नुसत्या पडून काढलेल्या थोड्या दिवसांतही म्हाताऱ्या स्नायूंची ताकद ओसरते. "तुम्ही त्यांचं प्रत्येक काम करता," त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा प्रत्येक व्यायाम तुम्ही करता."

आम्ही पद्धत बदलली. एकदम नव्हे, गाइडही पाहुण्यांना पहिल्याच दिवशी मोठ्या खळाळात नेत नाही. पहिल्या आठवड्यात पाण्याचा पेला त्यांच्या हाती गेला, पुढच्या आठवड्यात चमचा, मग कंगवा. शर्ट घालताना दुबळा हात आधी आणि काढताना सशक्त हात आधी, ही युक्ती त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केली. खाटेपासून स्नानगृहापर्यंत भिंतीला दांडी बसवली, रात्रीचा मंद दिवा लावला, पायपुसणी आणि सैल चपला काढून टाकल्या. म्हणजे मी नदी थोडी सोपी केली, पण वल्हे मारायचे त्यांनीच. उठवण्यापूर्वी मी आता बोलतो. पाय मागे घ्या, पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊ द्या, आणि तीन म्हटल्यावर उठा. तीन मी म्हणत नाही; ते स्वतः म्हणतात. मी दुबळ्या बाजूला, किंचित मागे, पाय फाकवून आणि गुडघे वाकवून उभा असतो. डॉक्टरांसमोर मी गप्प बसतो. पहिल्या भेटीत त्यांनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मला घाम फुटला. पण गोळीने रात्री चक्कर येते, ही गोष्ट त्या दिवशी प्रथमच बाहेर आली. मला ती ठाऊकच नव्हती.

धोका संपला असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात ते एकदा घसरले, पण दांडी हाताशी होती. भाजी शर्टावर सांडते. काही दिवस असे येतात की त्यांना खरोखरच काही करवत नाही. त्या दिवशी मी सगळे करतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. वल्हे देणे म्हणजे माणसाला एकटे सोडणे नव्हे. गाइड मागे बसलेला असतोच. काय द्यायचे आणि कधी, हे प्रत्येक घराने आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा फार क्षीण झालेल्या माणसाच्या बाबतीत ते वल्हे अगदी लहान असेल. आज कोणता शर्ट, आमटी की ताक, खिडकी उघडी की बंद, एवढेच कदाचित. तेही द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट मी नदीवरून आणली आहे. दुपारी दोन ते चार आमच्याकडे एक मावशी येतात आणि मी त्या वेळात घराबाहेर पडतो. सुरुवातीला मला अपराधी वाटे. पण खडकाच्या आड थांबलेली नाव नदी सोडून गेलेली नसते, आणि सलग बारा किलोमीटर न थांबता नेणारा गाइड शेवटच्या खळाळात चुकतो, हे मी पाहिले आहे. घरातील कुणी वर्षानुवर्षे एकट्याने हे काम करत असेल, तर त्याला 'थकलास का' असे विचारू नका. त्याची दोन तासांची पाळी घ्या.

गेल्या महिन्यात अण्णांनी नदी पाहायची इच्छा व्यक्त केली. साताऱ्याहून सांगली त्यांना अजून लांबची वाटते, म्हणून आम्ही जवळच्या संगम माहुलीला गेलो. तिथे वेण्णा कृष्णेला मिळते. रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. घाटाच्या वरच्या पायरीवर काठी टेकून अण्णा बराच वेळ पाहत राहिले. "हेच पाणी पुढे कऱ्हाडला कोयनेला भेटणार आणि मग आपल्याकडे," ते म्हणाले. मग त्यांनी खालच्या पायरीकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. दगडी पायऱ्या रुंद होत्या, कोरड्या होत्या. मी कमरेचा पट्टा धरला आणि त्यांच्या डाव्या हाताला आलो.

चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी, हे त्यांना पाठ आहे. काठी खाली गेली, डावा पाय खाली गेला, मग उजवा. एक पायरी झाली. पुन्हा काठी, डावा, उजवा. दुसरी झाली. तिसरीपासून ओल होती. माझ्या तोंडावर 'थांबा' हा शब्द आला होता. मी तो गिळला.

अण्णांनी काठीच्या टोकाने ती पायरी चाचपली. "बस," ते म्हणाले, "आज इथवर."

आम्ही दोघे तिथेच बसलो.